घरात पक्षी आहे का?

जून ते ऑक्टोबर या महिन्यांत उत्तर गोव्यातल्या कुठल्याही दवाखान्यात तापाचा रुग्ण गेला की डॉक्टरांचे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. शेतात, चिखलात उतरला होता का? घरात उंदीर आहेत का? शेजारी कुणाला डेंग्यू झालाय का? सत्तरीच्या किंवा दोडामार्गच्या रानाला लागून राहणारा माणूस असेल तर हिवाळ्या-उन्हाळ्यात आणखी एक प्रश्न येतो: रानात मेलेलं माकड दिसलं का? लेप्टोस्पायरोसिसने (लेप्टोने), डेंग्यूने आणि माकडतापाने माणसं गमावल्यावर हे प्रश्न आपल्याला सुचू लागले. घरात पक्षी आहे का, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं. विचारायला काही खर्च नाही, आणि त्याचं उत्तर कधी कधी रुग्णाचा जीव वाचवू शकतं.

पक्षी पाळणं आपल्याकडे नवं नाही. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या जुन्या घरांच्या परसात गावठी कोंबड्या असतातच, आणि पडवीच्या वाशाला टांगलेला राघूचा पिंजराही एके काळी नवलाचा नव्हता. आता बदललंय ते पक्षी ठेवण्याचं ठिकाण आणि त्याने तिथवर केलेला प्रवास. 2022 च्या डिसेंबरात मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. महामार्गाच्या कडेने, तसंच डिचोली आणि सांखळी शहरांच्या अंगाने, सदनिकांच्या इमारती वाढत आहेत. सदनिकेत कुत्रा पाळायचा म्हटला की शेजारी कुरकुरतात; चार-सहा लवबर्डांचा पिंजरा मात्र बाल्कनीत सहज मावतो. आपण ज्यांना सरसकट लवबर्ड म्हणतो ते बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातले बजरीगर असतात. त्यांच्या जोडीला कॉकटेल, फिंच, आणि खिसा सैल सोडायची तयारी असेल तर पिवळाधमक सन कॉन्युअर. हे पक्षी पैदास करणाऱ्याकडून व्यापाऱ्याकडे, तिथून दुकानात, तिथून घरी येतात. वाटेत ते ठिकठिकाणच्या पक्ष्यांबरोबर खोक्यांत कोंबले जातात, तहानलेले आणि भेदरलेले असतात. रोगाच्या दृष्टीने हा प्रवास फार महत्त्वाचा आहे.

तितकीच महत्त्वाची आहे हवा. पडवी तीन बाजूंनी उघडी असते, वारा आरपार जातो. सदनिकेत पिंजरा बंद बाल्कनीत, दिवाणखान्यात पंख्याखाली, नाहीतर मुलांच्या खोलीत असतो. पक्षी तोच असला तरी त्याच्या पिसांचा कोंडा आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ तिथे माणसाच्या नाकापर्यंत अधिक प्रमाणात पोचते.

पाळीव पक्ष्यांकडून माणसाला होणाऱ्या आजारांत सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी ओळखला जाणारा आजार म्हणजे सिटॅकोसिस. क्लॅमिडिया सिटासी नावाच्या जिवाणूमुळे तो होतो. हा जिवाणू जिवंत पेशीच्या आतच वाढू शकतो. पेशीबाहेर पडला की तो वाढ थांबवतो, आखडतो आणि बियाण्यासारखा पडून राहतो. वाळलेल्या विष्ठेत आणि धुळीत तो कित्येक आठवडे तग धरतो. आजारी पक्ष्याच्या नाकातल्या आणि डोळ्यांतल्या स्रावातही तो असतो. आपण पिंजऱ्याचा ट्रे झटकतो, कोरड्या झाडूने खालची टरफलं आणि विष्ठा लोटतो, पक्षी पंख फडफडवतो, आणि ती धूळ श्वासातून फुप्फुसात जाते. पक्ष्याने चोच मारायला हवी असं नाही. त्याला हात लावायलाच हवा असंही नाही. मृत पक्ष्याचा पिंजरा साफ करणाऱ्यालाही लागण झाल्याची उदाहरणं आहेत.

लागण झाल्यानंतर साधारण पाच ते चौदा दिवस काहीच जाणवत नाही. मग थंडी वाजून ताप येतो, डोकं असह्य दुखतं, अंग मोडून येतं, कोरडा खोकला सुरू होतो. कित्येकदा ताप चढलेला असतो पण नाडी त्या मानाने मंद चालते. छातीचा एक्स-रे काढला तर न्यूमोनिया दिसतो, आणि तो छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकू येतो त्याहून मोठा असतो. उपचार मिळाला नाही तर काही रुग्णांत हृदय, यकृत आणि मेंदूपर्यंत आजार पोचतो. प्रतिजैविकं यायच्या आधी दर शंभर रुग्णांपैकी पंधरा ते वीस दगावत. आज वेळेवर निदान झालं तर शंभरात एकही दगावू नये, इतका हा आजार बरा होण्यासारखा आहे. डॉक्सिसायक्लिन हे त्यावरचं मुख्य औषध, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं. मात्र न्यूमोनियासाठी नेहमी दिली जाणारी पेनिसिलिन किंवा सेफालोस्पोरिन गटातली औषधं या जिवाणूवर चालत नाहीत. म्हणूनच पक्ष्याबद्दलचा प्रश्न महत्त्वाचा. तो विचारला नाही तर रुग्णाला चार-पाच दिवस चुकीचं औषध मिळत राहतं.

या आजाराचा इतिहास थोडा सविस्तर सांगतो, कारण आजही चुका त्याच होतात. 1879 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी याकोब रिटर या डॉक्टरने एकाच घराशी संबंध आलेल्या सात जणांना झालेला विचित्र न्यूमोनिया नोंदवला. त्यातले तिघे मरण पावले. घरात नव्याने आणलेले पिंजऱ्यातले पक्षी होते, आणि संशय त्यांच्यावर जातो हे रिटरने लिहून ठेवलं. 1892 मध्ये पॅरिसमध्ये दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या पोपटांमागोमाग साथ आली. मग 1929 च्या नाताळात अमेरिकेतल्या ॲनापोलिस शहरात एका गृहस्थाने घरच्यांसाठी भेट म्हणून पोपट घेतला. पोपट थोड्याच दिवसांत मेला आणि घरातली माणसं तापाने आडवी झाली. तिथल्या डॉक्टरला पोपटाचा संशय आला, म्हणून वॉशिंग्टनच्या हायजिनिक लॅबोरेटरीकडे चौकशी गेली. तिथले चार्ल्स आर्मस्ट्राँग आणि त्यांचे सहायक हेन्री अँडरसन यांनी आजारी पोपट प्रयोगशाळेत आणून तपासायला घेतले. 1930 च्या फेब्रुवारीत अँडरसन याच आजाराने गेले. आर्मस्ट्राँगही आजारी पडले, पण वाचले. इमारतीतल्या आणखी काही जणांना लागण झाली, त्यांत पोपटांच्या खोलीत कधीही न गेलेली माणसंही होती. शेवटी प्रयोगशाळेचे प्रमुख जॉर्ज मॅकॉय यांनी स्वतः आत जाऊन प्रयोगाचे प्राणी मारले आणि इमारतीत विषारी धूर सोडून ती निर्जंतुक केली. राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी पोपटांची आयात थांबवली. त्या एका हिवाळ्यात अनेक देशांत मिळून सुमारे साडेसातशे ते आठशे लोकांना हा आजार झाला. त्याच वर्षी मे महिन्यात त्या प्रयोगशाळेचं रूपांतर नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थमध्ये झालं.

आयात थांबली, पण आजार थांबला नाही. कार्ल मायर या संशोधकाला कॅलिफोर्नियातच पैदास केलेल्या बजरीगरांत तो सापडला. घरोघरी परसात पिंजरे टाकून लोक हे पक्षी वाढवत होते आणि धडधाकट दिसणारे पक्षी रोग बाळगून होते. मॅकफार्लेन बर्नेट या शास्त्रज्ञाने तर ऑस्ट्रेलियातल्या रानटी पोपटांतही तो दाखवला. रानात या पक्ष्यांना जिवाणूचा फारसा त्रास होत नाही. पकडून खोक्यात कोंबले, उपाशी ठेवले, लांब नेले की त्यांची ताकद खचते आणि दबून राहिलेला जिवाणू विष्ठेतून बाहेर पडू लागतो. दुकानातून आणलेला नवा पक्षी पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत धोकादायक का असतो, याचं उत्तर इथे आहे. परप्रांतातून दोन दिवस गाडीत हिंदकळत आलेला बजरीगर त्याच अवस्थेत आपल्या घरात शिरतो.

हे फक्त जुन्या काळातलं असतं तर एवढं लिहिलं नसतं. 2024 च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ऑस्ट्रिया, डेन्मार्क, जर्मनी, स्वीडन आणि नेदरलँड्स या देशांत सिटॅकोसिसचे रुग्ण वाढल्याचं जाहीर केलं. 2023 आणि 2024 च्या सुरुवातीच्या काळात तिथे पाच जणांचा मृत्यू झाला होता. बहुतेकांचा पाळीव किंवा रानटी पक्ष्यांशी संबंध आला होता. डॉक्टर अचूक चाचण्या अधिक प्रमाणात करू लागले, हेही रुग्ण वाढलेले दिसण्यामागचं एक कारण मानलं गेलं. शोधलं तेव्हा सापडलं.

आता गोव्याकडे येऊ. आपल्याकडे पावसाळी तापांत लेप्टो आणि स्क्रब टायफस या दोन आजारांवर डॉक्सिसायक्लिनच दिलं जातं. सिटॅकोसिसवरही तेच. म्हणजे एखाद्या पक्षी पाळणाऱ्या माणसाला लेप्टोच्या संशयाने डॉक्सिसायक्लिन मिळालं तर सिटॅकोसिस बरा होईल, आणि तो होता हे कुणालाच कळणार नाही. दुसऱ्याला नुसत्या न्यूमोनियाची औषधं मिळतील, तो बरा होणार नाही, आणि कारण तरीही कळणार नाही. दोन्ही वाटांनी आजार नोंदीबाहेरच राहतो. नेहमीच्या रक्ततपासण्यांत तो दिसत नाही. त्यासाठी कफाची किंवा घशातल्या स्वॅबची पीसीआर चाचणी, नाहीतर रक्तातल्या प्रतिपिंडांची खास तपासणी करावी लागते, आणि ती कुणी मागितल्याशिवाय होत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे हा आजार नाही असं समजून गप्प बसण्याइतकं आपण त्याच्याकडे पाहिलेलंच नाही.

गप्प बसण्याचं दुसरं कारण कायद्याशी जोडलेलं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर 1990-91 पासून बंदी आहे. गळ्यावर गुलाबी कंठ असलेला आपला नेहमीचा पोपट, जांभळ्या डोक्याचा तुइया, डोंगरी मैना, यांतलं काहीही पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. तरी ढोलीतून काढलेली पिल्लं विकली जातात आणि घेतली जातात. बंदी योग्यच आहे. ढोल्या लुटल्याने रानातले थवे ओस पडतात. पण घरातला राघू आजारी पडला की मालक त्याला पशुवैद्याकडे नेत नाही, कारण विचारणा होईल अशी भीती वाटते. स्वतः आजारी पडला तर डॉक्टरलाही सांगत नाही. भीती समजण्यासारखी आहे, पण तापाने फणफणलेल्या माणसाने डॉक्टरपासून पोपट लपवणं म्हणजे आपल्याच निदानाची वाट बंद करणं. डॉक्टरचा संबंध रुग्णाशी आहे. त्याला खरं सांगा.

परदेशी पक्ष्यांची गोष्ट वेगळी. 2024 पासून वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या (साइट्स) यादीतल्या विदेशी प्राण्यांची नोंदणी सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. सन कॉन्युअर, आफ्रिकन ग्रे, मकाव हे त्यात येतात. बजरीगर आणि कॉकटेल त्या यादीत नाहीत, कारण ते जगभर लाखोंनी पिंजऱ्यातच जन्मतात आणि त्यांच्या रानातल्या संख्येला या व्यापाराचा धोका नाही. संवर्धनाच्या दृष्टीने हे बरोबर आहे. आरोग्याच्या दृष्टीने मात्र घरोघरी सर्वांत जास्त असलेले पक्षीच नोंदीबाहेर राहतात. 2018 च्या नियमांप्रमाणे पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि खरेदी-विक्रीची नोंद ठेवावी लागते. अशा नोंदणीकृत दुकानातून पक्षी घेतला आणि पावती जपली तर निदान तो कुठून आला हे तरी शोधता येतं. फोनवरून ठरलेल्या आणि रस्त्याच्या कडेला खोक्यात हाती आलेल्या पक्ष्याचा मागोवा घेताच येत नाही.

पक्षी आजारी आहे हे ओळखणं सोपं नसतं. रानात दुबळा दिसलेला पक्षी शिकाऱ्याच्या तोंडी जातो, म्हणून पक्षी आजार लपवतात. लपवण्याची ताकद संपते तेव्हाच लक्षणं दिसतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. तो पिसं फुगवून दांडीऐवजी तळाशी बसून राहतो. डोळे अर्धे मिटलेले, नाकपुड्यांवर सुकलेली खपली, श्वासागणिक वरखाली होणारी शेपटी, पातळ हिरवट-पिवळी विष्ठा, खाल्ल्यासारखं करून नुसता राळा चिवडणं. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली की थांबू नये. असा बजरीगर एका रात्रीत जातो. एकाच पिंजऱ्यातले दोन पक्षी आठवड्याभरात मेले तर उरलेल्यांना आणि घरातल्या माणसांनाही तपासायला हवं. सिटॅकोसिस झालेल्या पक्ष्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने पंचेचाळीस दिवस डॉक्सिसायक्लिन देण्याची पद्धत आहे. पक्षी आठवड्यात टवटवीत दिसू लागतो, लोक औषध थांबवतात, आणि तो पुन्हा जिवाणू सोडू लागतो. मनाला येईल तशी गोळी पाण्यात विरघळवून देणं तर अजिबात नको.

बर्ड फ्लू आपल्याला अधिक परिचयाचा, कारण तो बातम्यांत येतो. भारतात त्याचा एच5एन1 विषाणू पहिल्यांदा सापडला तो 2006 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरच्या कोंबड्यांत. 2021 च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या, आणि दापोलीला कावळे मरून पडू लागले. 2025 च्या सुरुवातीला उदगीरमध्ये पुन्हा कावळे, उरणजवळच्या चिरनेरमध्ये कोंबड्या, आणि नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेल्याचं निदान झालं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांतही तो सापडला. दापोली याच किनारपट्टीवर आहे, आणि गोव्यात खपणारी बहुतेक कोंबडी पत्रादेवी, केरी, मोले अशा नाक्यांवरून शेजारच्या राज्यांतूनच येते. परसातल्या कोंबड्या, डबक्यावर उतरणारे स्थलांतरित पक्षी, उकिरड्यावरचे कावळे आणि बाल्कनीतला पिंजरा हे एकाच गावात असतात. पिंजऱ्यातल्या पोपटाकडून बर्ड फ्लू होण्याची शक्यता फार कमी आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. ती वाढते तेव्हा पक्षी चोरट्या मार्गाने आलेला असतो किंवा कोंबड्यांच्या बाजारात इतर पक्ष्यांत मिसळलेला असतो. 2005 मध्ये इंग्लंडच्या विलगीकरण केंद्रात ठेवलेल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांत एच5एन1 सापडला, आणि युरोपीय संघाने रानातून पकडलेल्या पक्ष्यांची आयात आधी तात्पुरती, मग 2007 मध्ये कायमची बंद केली. विलगीकरण किती कामाचं आहे, हे तिथे दिसलं.

माणसात हा विषाणू क्वचितच येतो, पण येतो तेव्हा फार निर्दय असतो. 2021 च्या जुलैत हरयाणातला एक मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये दगावला. 2025 च्या मार्चमध्ये आंध्र प्रदेशातली दोन वर्षांची मुलगी गेली. तिने कच्च्या कोंबडीचा तुकडा खाल्ला होता. नीट शिजवलेली कोंबडी आणि अंडी खायला काहीच धोका नाही. अचानक चार-पाच कोंबड्या मेल्या तर त्यांना उघड्या हातांनी उचलू नये, ओढ्यात फेकू नये, मांजर-कुत्र्यांना घालू नये. पंचायतीला आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं. गावात अशा वेळी आधी मानमोडीचा संशय घेतला जातो आणि बऱ्याचदा तो खराही असतो. मानमोडी म्हणजे राणीखेत. त्याने माणसाचे डोळे थोडे दिवस लाल होतात, याहून जास्त काही सहसा होत नाही. पण डोळ्यांनी पाहून राणीखेत आणि बर्ड फ्लू यांतला फरक करता येत नाही. तो प्रयोगशाळेनेच करायचा.

मुलांना सर्वांत जास्त भेटणारा आजार मात्र साधाच आहे. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू पक्ष्यांच्या आतड्यांत निमूट राहतात. जत्रेत गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली कोंबडीची पिल्लं मुलं हातात घेतात, गालाला लावतात, आणि त्याच हाताने भजी खातात. पोटात मुरडा, ताप, जुलाब, आणि घरात कुणी वयस्कर असेल तर इस्पितळ. साबणाने हात धुणं पुरेसं आहे. पोपटाला ओठांत भाताचं शीत धरून भरवणं कितीही लोभसवाणं वाटलं तरी थांबवायला हवं.

कबुतरांचा प्रश्न आणखी वेगळा. 2025 च्या जुलैत मुंबईतले 51 कबुतरखाने बंद करण्याचे आदेश निघाले, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, आणि मोठा वाद झाला. पक्ष्यांना दाणे घालणाऱ्यांच्या भावनेला मी हलकं लेखत नाही. पण छातीच्या डॉक्टरांची चिंताही तितकीच खरी होती. कबुतराच्या पिसांतली आणि विष्ठेतली प्रथिनं वर्षानुवर्षं श्वासातून गेली की काही माणसांच्या फुप्फुसांना त्याची ॲलर्जी होते. हा संसर्ग नाही, म्हणून प्रतिजैविकाने बरा होत नाही. सुरुवातीला जिना चढताना धाप लागते, दमा म्हणून उपचार होतात, आणि फुप्फुस हळूहळू घट्ट होत जातं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदवहीत फुप्फुसाच्या अशा दीर्घ आजाराचे 1,084 रुग्ण होते. त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा आजार या ॲलर्जीच्या प्रकारचा निघाला. त्यातला मोठा वाटा पक्ष्यांचा नव्हता, ओलसर एअर कूलरच्या बुरशीचा होता. पण पक्षीही कारणांत होते. असा आजार बजरीगर आणि कॉकटेलनेही होतो. कॉकटेलच्या अंगावरची पांढरी पूड तर हात लावताच लागते. घरात कुणाला महिनोन्महिने कोरडा खोकला आणि धाप असेल तर पिंजरा हे कारण असू शकतं, आणि मग पक्षी दुसऱ्या घरी देणं हा उपचाराचाच भाग ठरतो.

जुन्या, साचलेल्या विष्ठेत क्रिप्टोकोकस नावाची बुरशीही वाढते. निरोगी माणसाला ती सहसा काही करत नाही. मूत्रपिंड बदललेल्या, एचआयव्ही असलेल्या, किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या माणसात ती मेंदूच्या आवरणापर्यंत जाते. 2000 मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाची नोंद केली. तिच्या मेंदूज्वरातली बुरशी आणि तिच्या पाळीव काकाकुव्याच्या विष्ठेतली बुरशी जनुकांवरून एकच निघाली. अशा रुग्णांनी आणि गरोदर बायकांनी पिंजरा साफ करू नये. ते काम घरातल्या दुसऱ्याने करावं.

साफ कसं करायचं, हे पक्षी विकत घेतानाच शिकवायला हवं, पण शिकवत कुणी नाही. कोरडा झाडू वापरायचा नाही, ट्रे गॅलरीतून खाली झटकायचा नाही. आधी पक्षी बाजूच्या पिंजऱ्यात हलवायचे, पंखा बंद करायचा, विष्ठेवर पाणी शिंपडून ती भिजू द्यायची, मग कागदासकट गुंडाळून पिशवीत बांधायची. तोंडाला मास्क, हातात मोजे. पिंजरा साबणाने धुवायचा, मग लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे ब्लीच घालून पुसायचा, दहा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने धुऊन उन्हात वाळवायचा. ट्रेमधला कागद रोज बदलला तर विष्ठा वाळून धूळ व्हायला वेळच मिळत नाही. पिंजरा स्वयंपाकघरात, पंख्याखाली किंवा कुणाच्या उशाशी नको. पावसाळ्यात आपल्याकडे दाण्यांना चटकन बुरशी लागते. राळा आणि बाजरी थोडीथोडी आणावी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, कुबट वास आला की टाकून द्यावी. त्या बुरशीने पक्ष्याची फुप्फुसं जातात. ती पक्ष्याकडून माणसाला होत नाही, पण त्याच दाण्यातून दोघांच्याही श्वासात जाते. नवा पक्षी आणला तर तो दुसऱ्या खोलीत किमान महिनाभर, शक्य तर पंचेचाळीस दिवस वेगळा ठेवावा, आणि त्याचं काम जुन्या पक्ष्यांनंतर करावं.

हे सगळं घराच्या हातातलं. सरकारी यंत्रणेकडूनही मागण्यासारखं बरंच आहे, आणि गोव्याला ते अवघड जाऊ नये. 2014 पासून इथे कुत्र्यांना घरोघरी, रस्त्यारस्त्यावर रेबीजची लस दिली गेली, आणि 2021 मध्ये गोवा हे देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. पशुवैद्य, डॉक्टर आणि शिक्षक एकत्र आले म्हणून ते झालं. सत्तरीत 2015 मध्ये आणि पलीकडे दोडामार्गात 2016 मध्ये माकडताप आला. त्यानंतर मेलेलं माकड दिसलं की कळवायचं असतं, हे रानाकाठच्या लोकांना ठाऊक झालं. पक्ष्यांच्या बाबतीत एवढीच साखळी हवी: तुये किंवा डिचोलीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने तापाच्या रुग्णाला पक्ष्याबद्दल विचारावं, हो म्हटलं आणि न्यूमोनिया असला तर नमुना गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे (गोमेकॉ) जावा, आणि त्याच दिवशी एक फोन पशुसंवर्धन खात्याला जावा, म्हणजे पिंजऱ्यातल्या उरलेल्या पक्ष्यांची तपासणी होईल. आज हे दोन विभाग वेगवेगळ्या इमारतींत बसतात, आणि माणसाच्या कागदावर पक्षी नसतो, पक्ष्याच्या कागदावर माणूस नसतो.

आणखी एक गोष्ट, कारण असे लेख वाचल्यावर काही जण घाबरून ती करतात. पिंजऱ्याचं दार उघडून पक्षी उडवून देऊ नका. बजरीगर किंवा कॉकटेल आपल्या रानात जगू शकत नाही. कावळे किंवा भूक त्याला दोन दिवसांत संपवतात. लहानपणापासून हाताने भरवलेला देशी राघूही अन्न शोधायला शिकलेला नसतो, आणि तो आजारी असेल तर पिंपळावरच्या थव्याला रोग देतो. देशी पक्षी घरात असेल तर वन खात्याला कळवून त्यांच्या ताब्यात द्यावा. परदेशी पक्षी नको झाला असेल तर तो पशुवैद्याकडून तपासून, सगळी माहिती देऊन, सांभाळू शकणाऱ्या माणसाकडे द्यावा. आणि मेलेला पक्षी संशयास्पद वाटला तर तो दोन पिशव्यांत बंद करून, बर्फावर ठेवून, आधी फोन करून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवावा. घरात कुणाला ताप असेल तर त्या पक्ष्याच्या तपासणीतून डॉक्टरला नेमकं काय शोधायचं ते कळतं.